दौलतरावांच्या नावाची सही

थेरगावात आमच्या इमारतीच्या मागे एक बैठं, पत्र्याचं घर अजून उभं आहे. चारी बाजूंनी सहा-सहा मजले चढले, तरी ते हललं नाही. तिथे दुर्गामावशी एकट्या राहतात. वय एकाहत्तर. डांगे चौकातला भाजीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की कोथिंबिरीची पिवळी पानं आधीच काढून टाकतो. न काढून चालतच नाही.

ही नजर नोकरीनं दिलेली. पिंपरीच्या एका औषध कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इंजेक्शनच्या बाटल्या तपासल्या. दिव्यापुढे बाटली धरायची, उलटी करायची, आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या. आत केसाएवढा तंतू दिसला तरी बाटली बाद. खोकं भरलं की तपासणारीनं आपल्या सहीची चिठ्ठी आत टाकायची.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काम केलेल्या झुलेखाआपा दापोडीला राहतात. त्यांनी मला एक प्रसंग सांगितला. शिफ्ट सुटायची वेळ, चार खोकी तपासायची राहिलेली. कुणीतरी म्हणालं, कालचाच माल आहे, सह्या करा आणि चला. बाहेर कंपनीची गाडी भोंगा वाजवत होती.

“दुर्गे, टाक की सही! गाडी सुटतीय!”

“बगितल्याबिगर न्हाई.”

“मग बस इथंच, हरिश्चंद्राची नात!”

गाडी गेली. चारही खोकी तपासून ही बाई पिंपरीहून थेरगावपर्यंत चालत आली. “दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पाय दुखतात का,” झुलेखाआपा म्हणाल्या. “तर म्हणते कशी, पाय दुखले तर चोळता येतात.”

हे सगळं मला माहीत होतं, पण त्यामागचं कारण माहीत नव्हतं. ते कळलं गेल्या महिन्यात, आणि तेही माझ्याच एका लबाडीमुळे.

माझी मुलगी निशिगंधा. तिला हवाई दलात जायचं आहे. अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी आहेत, म्हणून भरतीच्या अर्जावर पालकाची सही लागते. तिचे बाबा म्हणाले, तू करशील ते. मी तो अर्ज तीन आठवडे कपाटात ठेवला. आज करते, उद्या करते. लोहगावच्या हवाई तळावरची विमानं आमच्या गच्चीवरून जातात, त्या आवाजाला मी खिडक्या लावून घ्यायला लागले होते. शेवटची तारीख दोन दिवसांवर आली, तेव्हा मी तिला अर्जासकट दुर्गामावशींकडे नेलं. त्यांचा भाऊ मोरेश्वर एकोणीसशे एकाहत्तरच्या युद्धात विमान पडून गेला, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. मला वाटलं, ही बाई डोळ्यांत पाणी आणेल आणि माझं काम होईल.

त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून निशूच्या हातात दिला. कान मोठे, टोपी थोडी तिरकी, वय वीस.

“विमान दुरुस्तीचं काम त्याचं. सामान घेऊन विमान निगालं, ह्यो संगं गेला. डोंगरात पडलं. अंगावरचं काय बी आलं न्हाई. ट्रंक आली तेवडी.”

“मावशी, सांगा ना हिला,” मी म्हणाले. “घरातल्यांचं काय होतं ते.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बाटलीकडे पाहत असतील तसंच. मग खाली बसल्या.

“माज्या आबांनी त्याला सोडलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कागदावर बापाची सही पायजे आन आबा न्हाई म्हनत. आबा शेतावर असायचे, तवा आमच्या दोगांच्या प्रगतिपुस्तकावर मीच त्यांची सही करायची. हुबेहूब. दौलतराव, आन खाली एक रेघ. मोरू म्हनला, दुर्गे, तशीच एक कर. मी चौदा वर्षांची. केली.”

खोलीत आम्ही तिघीच. निशूनं फोटो छातीशी धरला होता.

“तीन वर्षांनी तार आली. मग एक साहेब आले, कागद घिऊन. म्हनले, भरतीच्या कागदावरची सही पडताळायची हाय. दौलतराव, ही तुमचीच ना? मी च्या घिऊन उंबऱ्यात उभी. आबांनी कागद लई येळ बगितला. मग मान वर केली आन माज्याकडं बगितलं. मला वाटलं, आता मारत्यात. आता सांगत्यात.”

“मग?”

“म्हनले, व्हय साहेब. माजीच.”

तरुण मुलगा गेलेला, समोर अधिकारी बसलेला, आणि तो माणूस उरलेल्या लेकराला पंखाखाली घेतो. कुठल्या शाळेत शिकले असतील हे? त्यांना नावापुरतंच लिहिता येत होतं.

“पुन्हा कधी विषय काढला त्यांनी?”

“मरेस्तोवर न्हाई. आईला बी कळू दिलं न्हाई.” मावशींनी गुडघ्यावरची साडी सारखी केली. “मला नोकरी लागली तवा एवडंच म्हनले, सही करशील तर सोताच्या नावाची कर.”

मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “मी काय सांगू तुज्या पोरीला? जा म्हनायला मी कोन, आन नगं म्हनायला बी कोन. पर सही करायची का न्हाई, ते तू ठरीव. कपाटात कागूद ठिवून पोरीला तिसरा रस्ता दावू नगं.”

निशूची मान खाली गेली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“आई,” ती म्हणाली, “मी वहीत तुझी सही करून बघितली होती. चार-पाच वेळा. जमत होती.”

मी रागवायला हवं होतं. पण चौदा वर्षांची एक मुलगी आणि सतरा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर एकाच चटईवर बसल्यासारख्या दिसल्या, आणि राग आला तो माझा मलाच.

अर्ज तिथेच मांडीवर घेतला. कधी नव्हे तो पूर्ण वाचला, जोखमीचं कलम दोनदा. मग तसाच मांडीवर ठेवून सही केली. माझं नाव एरवीपेक्षा वाकडं आलं आहे, पण ते माझं आहे.

दुर्गामावशींनी फोटो परत खिळ्याला अडकवला आणि निशूला म्हणाल्या, “फोन करत जा आईला. आन बरं नसंल, तवा बरं हाय म्हनू नगं.”