दोघींनी पाहिलेलं

शिवणाच्या दुकानात मोठी बहीण कापायची-शिवायची, धाकटी काजं-बटणं करायची. आईबाप गेल्यावर मोठीनंच धाकटीला लहानाचं मोठं केलं, लग्न लावून दिलं, आणि ते मोडल्यावर दारात उभी राहिलेली बघून "ये, पाय धू" एवढंच म्हणाली.

एका संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना दोघींना ते दिसलं. पाण्याच्या टाकीच्या वर, परातीसारखं, राखाडी. आवाज नाही की काही नाही. जरा थांबलं आणि पापणी लवायच्या आत सरळ वर गेलं. घाबरून धाकटीनं मोठीचा दंड असा आवळला, की वळ उठले.

आणखी चौघापाचांनी तेच पाहिलं होतं. गावभर बोभाटा झाला, तेव्हा सैन्याकडून चौकशीला एक मेजर आला. माणूस मोठा गोड. कापडाच्या गठ्ठ्यावर बसून चहा प्यायला. मोठीला हळूच म्हणाला, "बाई, लोक हसतील, हसू द्या. आमच्या रडारवरही काहीतरी उमटलंय. पण हे आपल्यातच राहू दे."

कुणीतरी विश्वास ठेवला म्हणून मोठीला भरून आलं. तिनं हातचं काही राखलं नाही. लहानपणी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेही त्यानं विचारलं तसं सांगून टाकलं. मग मेजरनं धाकटीला जीपपाशी नेऊन वेगळं विचारलं.

थोड्याच दिवसांत तो टीव्हीवर दिसला. "तो हवामानखात्याचा फुगा होता. मुख्य साक्षीदार शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांची नजर अधू आहे. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बहिणीला काहीच दिसलं नाही."

धाकटी मान खाली घालून बटण लावत राहिली.

"माझा दंड कुणी धरला होता गं?"

"ताई, गणवेशांचं काम देतो म्हणाले. कायमचं. आपल्या दोघींसाठीच—"

"माझे डोळे गहाण टाकलेस, तेही माझ्याचसाठी?"

अधू नजरेच्या बाईकडे चांगलं कापड कोण टाकणार? "सुईत दोरा तरी ओवता येतो का?" म्हणून पोरीबाळी खिदळायच्या. जुनी गिऱ्हाइकं तोंड चुकवू लागली. ज्या दिवशी दुकानात हिरव्या कापडाचे तागे उतरले, त्या दिवशी मोठीनं आपलं मशीन हातगाडीवर घातलं आणि बाजारामागच्या एका खोलीत नेलं. तिथं ती उशांचे अभ्रे शिवू लागली.

पुढं धाकटी तापानं अंथरुणाला खिळली. कळल्याबरोबर मोठी गेली. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, औषध पाजलं. धाकटीला हुंदका फुटला.

"ताई, मी पाहिलं होतं गं."

"मला काय सांगतेस? मी तिथंच होते. चार माणसांत सांग."

धाकटीनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मोठीनं चमचा विसळून ठेवला, पांघरूण नीट केलं आणि आपल्या खोलीवर निघून गेली.