रांगत पाहायची बाग

मावशींनी आजवर अकरा घरांतली एकोणीस मुलं सांभाळली, आणि त्यांच्या हाताखाली असताना त्यांतल्या एकालाही कधी टाके पडले नाहीत. लोक याचं श्रेय नशिबाला देत. मावशी ते स्वतःच्या गुडघ्यांना देत.

थंडी सरली आणि मुलांचे जाड कोट कपाटात गेले, की बाहेर खेळायचा पहिला दिवस उजाडण्याआधी मावशी एकट्याच बागेत जात. पोत्याची चौघडी गुडघ्यांखाली घेत आणि घसरगुंडीपासून वाळूच्या हौदापर्यंत सगळी बाग रांगत पालथी घालत. मोठ्यांची बाग वेगळी, पोरांची वेगळी, असं त्यांचं म्हणणं; पोरांची बाग गुडघ्याइतकीच उंच असते. त्या उंचीवरून त्यांना काय काय सापडलं होतं! घसरगुंडीच्या कडेला वर आलेला खिळा, झोपाळ्याच्या पाटाखाली सुटलेली तार. एकदा तर कुत्र्यानं उकरून टाकलेले फुलझाडांचे कांदे, दिसायला थेट स्वयंपाकघरातल्यासारखे, आणि पोरानं खाल्ले तर दवाखाना.

बागेचा राखणदार त्यांना इन्स्पेक्टरबाई म्हणायचा. साहेबांनी अशी तपासणी केली असती तर आपण केव्हाच घरी बसलो असतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. दर वर्षी तो विचारायचा, यंदा काय सापडलं? आणि मावशी मूठ उघडून दाखवायच्या.

यंदा त्यानं विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "काही नाही."

तसं ते खोटं नव्हतं. सापडलं काहीच नव्हतं, कारण वाकून पाहिलंच नव्हतं. उजवा गुडघा थंडीत जो आखडला, तो थंडी गेली तरी सुटला नव्हता. मावशी पोतं काखेत मारून गेल्या, उभ्यानंच एक फेरी घातली, काठीनं इकडचं तिकडचं गवत सारलं आणि पोतं तसंच काखेत घेऊन परत आल्या.

सध्या त्या ज्या घरी कामाला होत्या, तिथे कुणाला याचा पत्ता नव्हता. मुली दोन. थोरली पाच वर्षांची, धाकटी दीड वर्षाची, नुकती पाय फुटलेली आणि दिसेल ते तोंडात घालणारी. त्यांची आई विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. लोक काय लपवतात हे हुडकायचं, हेच तिचं काम. पण सकाळी साडेआठला बाहेर पडणाऱ्या आणि सातला परतणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात कोण कशी उठते-बसते हे कुठून कळणार? मावशींनी बाकी सगळं चोख जमवलं होतं. धाकटीला जमिनीवरून उचलायचं तर आधी तिला सोफ्यावर चढायला लावायचं. खाली पडलेलं खेळणं आणायला थोरलीला पिटाळायचं. "माझ्या पायांचं काम तू कर, मी तुला गोष्ट सांगते." थोरली एका गोष्टीला चार खेळणी उचलायची.

ही झाकली मूठ घरात निभत होती. बागेत निभेना.

पहिल्या दिवसापासून मावशींना चैन नव्हतं. तयारीत कसूर नव्हती. जाकिटांच्या टोपीच्या नाड्या त्यांनी नेहमीसारख्या कापून काढल्या होत्या, कारण घसरगुंडीवर नाडी अडकली तर गळ्याला फास. बूट बंद, खाऊ झाकणाच्या डब्यात. घसरगुंडीचा पत्रा उपड्या हातानं चाचपून झाल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही. पण उभ्यानं जे दिसतं तेवढंच पाहिलंय, हे मनातून जात नव्हतं. म्हणून त्या मुलींना कुठेच सोडत नव्हत्या. कुंपणाजवळ नको, झुडपात नको, हौदाच्या पलीकडे नको. हौदाशेजारच्या ठेंगण्या बाकावर त्या बसायच्या, लगेच उठायच्या, चार पावलं जाऊन पुन्हा बसायच्या. जुळ्यांना सांभाळणारी शेजारची बाई म्हणाली की मावशी, बाकाला काटे आहेत का? मावशी हसल्या नाहीत.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी धाकटीचा चेंडू घरंगळत त्याच बाकाखाली गेला. धाकटी त्याच्यामागून आत शिरली. थोरली गोष्टीच्या आशेनं तिच्या मागे ओणवी झाली आणि तिथूनच म्हणाली,

"मावशी, इथे कागदाची वाटी चिकटलीय. उलटी. तिच्यावर माशा चालतात."

मावशी त्या फळीवर बसल्या होत्या.

वसंतात गांधीलमाशी नवं घर बांधते ते लिंबाएवढं, आडोशाला, फळीच्या पोटाशी. वरून कधी दिसत नाही. मावशींनी आयुष्यात अशी पाचसहा घरं पाहिली होती, सगळी गुडघ्यांवरून. यंदाचं त्यांच्याच बुडाखाली होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडलं की पोर दचकतं आणि डोकं वर आपटतं. थोरलीला त्यांनी झोपवतानाच्या आवाजात सांगितलं, "हळू मागे ये. पळायचं नाही." ती आली. धाकटी येईना. तिला चेंडू मिळाला होता आणि आता वाटी हवी होती.

मावशी बाक न हलवता उठल्या. गुडघा वाकणार नव्हता, तेव्हा खाली जायचा एकच मार्ग होता, तो त्यांनी घेतला: पाय ताठ ठेवून त्या कुशीवर जमिनीवर पडल्या. कोपर सोलून निघालं. हात आत घालून त्यांनी आधी धाकटीचा वर चाललेला हात मुठीत झाकला, मग तिच्या फ्रॉकला धरून वीतवीत बाहेर ओढलं. मुठीवर दोन डंख बसले. मूठ उघडली नाही. धाकटीच्या हाताला काही झालं नव्हतं; चेंडू आत राहिला म्हणून तिनं भोकाड पसरलं.

थोरलीनं बहिणीला झोपाळ्यापाशी नेलं. मावशी गवतात आडव्याच राहिल्या. उठताच येईना. शेवटी राखणदारानं आणि जुळ्यांच्या बाईनं एकेका बगलेला धरून त्यांना उभं केलं. राखणदारानं वाकून फळीखाली पाहिलं.

"इन्स्पेक्टरबाई," तो म्हणाला, "यंदा काही नव्हतं ना?"

घरची वाट नेहमी दहा मिनिटांची, त्या दिवशी पाऊण तासाची झाली. हात सुजला होता, पण मावशींच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. थोरली वाटभर बडबडत होती: मावशी कशी धपकन आडवी झाली, मग उठताच येईना, मग काकांनी कसं उचललं. संध्याकाळी आईला हेच सगळं कळणार, तेही साभिनय. गुडघा गेलेली बाई दीड वर्षाच्या पोरीमागे कोण ठेवतं? ओठांशी तीन शब्द आले होते: आईला सांगू नकोस.

ते त्यांना म्हणता आले नाहीत. एकोणीसही मुलांना त्यांनी पहिल्या आठवड्यातच एक नियम शिकवला होता आणि थोरलीला तो पाठ होता. जो मोठा माणूस ‘आईला सांगू नकोस’ म्हणतो, त्याच्याजवळ थांबायचं नाही. मग तो कुणीही असो, मावशीसुद्धा. ते ‘मावशीसुद्धा’ दर वेळी त्या स्वतःच जोडायच्या.

तेव्हा सात वाजता दार उघडल्यावर, थोरली तोंड उघडायच्या आत, मावशींनीच सांगितलं. उभ्यानं, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. गुडघ्याचं, न केलेल्या तपासणीचं, बाकाखालच्या घराचं, सगळं क्रमानं. आईनं आधी धाकटीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग मावशींचा पाहिला. मग बर्फ काढला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"ताई, सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

आईनं बर्फ रुमालात गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवला.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. गुडघा डॉक्टरांना दाखवायचा. उन्हाळा संपेपर्यंत मावशींनीच मुलींना पाहायचं, पुढचं पुढे. आणि शनिवारी बागेची तपासणी पुन्हा करायची, मावशींनी सांगायचं आणि आईनं करायची. ती झाल्याशिवाय मुली बागेत जाणार नाहीत.

शनिवारी सकाळी आई जुनी पँट घालून आली. राखणदारानं ते घर काढलं होतं, तो बाक धुतला होता आणि ‘आता दोन-दोन इन्स्पेक्टर’ म्हणून कपाळाला हात लावला होता. मावशी अर्धा तास आधीच आल्या होत्या. सगळ्या बाकांवर त्या एकेकदा बसल्या होत्या आणि झोपाळ्यासमोरच्या बाकावर जरा जास्त वेळ.

आई पोतं घेऊन गुडघ्यांवर उतरली. आधी हसली, मग हसणं थांबलं. दगड टोचत होते. घसरगुंडीखाली तिला बाटलीचं तुटकं तोंड सापडलं आणि ते हातात धरून ती थोडा वेळ तशीच बसली. मावशी काठीवर भार टाकून शेजारून चालत होत्या. डावीकडे. अजून खाली. मान वर करा, मुलं वर बघतात.

झोपाळ्यासमोरच्या बाकाखालून आई झटकन बाहेर आली आणि माती झाडत म्हणाली, "इथे काही नाही."

मावशींनी ते शब्द ऐकले. तिसऱ्या फळीखालच्या खिळ्याला त्यांनी सकाळी, बसल्या बसल्या हात खाली घालून, लाल लोकरीचा दोरा बांधून ठेवला होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "परत आत जा."