रेहेमाची गोष्ट, म्हसवडच्या ओसरीवर

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी सांगलीहून माणदेशात, म्हसवडला निघाले. माझं लहानपण आफ्रिकेत, मोंबासात गेलं. वडील तिथं रेल्वेत होते. मला तिथली स्वाहिली भाषा येते हे कळल्यावर पलटणीतून परतलेला म्हसवडचा दौलत सांगलीत विश्रामबागेत माझ्या घरी मला न्यायलाच आला. त्यानं मोंबासाची रेहेमा बायको करून आणली होती.

"ताई, आई तिच्याशी बोलतच न्हाई. म्हनती, पावसाच्या आत येगळं ऱ्हावा. तुमी तिचं बोलनं आईला सांगा."

विट्याच्या पुढं कोळशाच्या गॅसवर चालणारी आमची प्रवासी मोटार चढावर अडली. सगळ्यांनी उतरून ढकलली. भोवती उघडे माळ, मेंढरं, एखादी बाभळ. दुपार कलताना पोहोचलो. दौलतच्या आईनं, साळूबाईंनी, गरम माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) वाढलं. रेहेमा ओसरीच्या कडेला बसून होती. चुलीपाशी जायची तिला मुभा नव्हती.

बोलायला सुरुवात कुठून करावी, मला सुचेना. रेहेमाच म्हणाली, "मी गोष्ट सांगते, तू मराठीत सांग. पाउक्वा!"

"पाकावा!" मी सवयीनं ओरडले. तिकडं ऐकणाऱ्यानं असा ओ दिल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

दुष्काळात सगळ्या जनावरांनी मिळून विहीर खणली. सुंगुरा (ससा) तेवढा आला नाही. पाणी मात्र रोज चोरून प्यायचा. शेवटी कासव पाठीला चीक फासून विहिरीत दडून बसलं आणि त्यावर पाय पडताच ससा चिकटला. "शेपटी धरून आपटा मला," तो म्हणाला, आणि आखूड शेपटी हातातून निसटताच पळाला.

"पळाला?" साळूबाई उसळल्या. "खनताना हात न्हाई लावला, आन् त्याला पळू दिलं?"

रेहेमा हसली. "आमच्याकडं गोष्टीत हे आलं की मुलं टाळ्या पिटतात. लहानग्यानं डोकं लढवून मोठ्यांच्या तावडीतून सुटायचं."

"डोकं ऱ्हाऊ दे. कामाला हात नको लावाया?"

"मी लावते की! मला लावू कोण देतंय?"

हे मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली. साळूबाई उठल्या. त्यांनी पिठाची परात रेहेमापुढं सरकवली. "थाप बघू."

पहिली भाकरी मोडली. साळूबाईंनी तिचं मनगट धरलं. "आगं, लय पानी झालं. आसं मळ."

दुसऱ्या दिवशी मी निघताना साळूबाई मला म्हणाल्या, "पुढल्या खेपंला पावनी म्हनून या. आमचं आमी भांडू."

दौलत मोटारीपर्यंत आला. वेगळं राहण्याचं त्यानं नाव काढलं नाही. वाटभर मी विचार करत होते. लहानपणी ती गोष्ट कितीदा ऐकली, ससा पळाला की टाळ्याही पिटल्या. पण विहीर खणणाऱ्यांच्या बाजूनं ती ऐकायला मला माणदेशात यावं लागलं.