उजव्यांची टीम

आमची ताई एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही. फक्त भाऊजींची चालली, आणि ते तिला कळायला फार उशीर झाला.

भाऊजी शिंपी. उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र लुळाच राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, जे काही परत यायचंय ते पहिल्या काही महिन्यांतच. लुळ्या हाताने दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकायचे, एवढंच. पण डबा दिसला की भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ताई रागावली, रडली, पायासुद्धा पडली. कात्री धरता आली नाही तर दुकान उघडणार कसं? दिवसभर ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि घरी येऊन दगडावर डोकं आपटायची.

मग तिने शक्कल लढवली. दवाखान्याच्या बाकावर ओळख झालेले, असंच वारं गेलेले लोक गोळा केले आणि सरळ दोन टीम पाडल्या. उजवी बाजू गेलेले ते ‘उजवे’, डावी गेलेले ते ‘डावे’! रोज प्रत्येकाने चिमट्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांचे आले तर टीमला तारा. एकाने जरी दांडी मारली तरी सगळ्यांचा तारा बुडाला.

मला वाटलं, दोन दिवसांचं नाटक. कसलं काय! डाव्यांच्या कप्तान हेडबाई, त्या रोज ग्रुपवर उजव्यांना डिवचायच्या. उजवे सकाळी ताईच्याच घरी जमायचे. त्यांच्यातल्या ड्रायव्हरकाकांचे विनोद खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचे. भाऊजी दाढी करायला लागले. त्यांचाही व्हिडिओ रोज यायचा. दोरी, चिमटा आणि बाहीतून आलेला हात. संध्याकाळी ताई व्हिडिओ मोजायची आणि तारे वाटायची. तिचं हसू बघून मलाही बरं वाटायचं.

तपासणीला मी सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, “मूठ वळा.” बोटं जागची हलली नाहीत.

“लाजतायत इथे,” म्हणत ताईने फोन पुढे केला.

डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. “हा हात ह्यांचा नाही,” ते हळूच म्हणाले. “इतके महिने पडून राहिल्यावर आता फार आशा धरू नका.”

घरी उजवे निकाल ऐकायला जमलेच होते. ताईने चिमट्यांचा डबा उचलून भिंतीवर फेकला. चिमटे सगळ्या घरभर उडाले.

“कुणाचा हात तो?”

“माझा, वहिनी,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “शर्ट त्याचाच घालायचो. पहिल्या दिवशी त्याला एक चिमटा निघेना. आपल्यापायी सगळ्यांचा तारा बुडणार म्हणून लहान मुलासारखा रडला हो. म्हटलं, जरा हुरूप आला की करेल.”

“हुरूप? हात खाल्लात तुम्ही ह्यांचा!” ताई ओरडली. “निघा सगळे!”

ते पाय ओढत, कठड्याला धरून एकेक करत जिना उतरले. मला ताईचा राग बरोबर वाटत होता आणि त्या म्हाताऱ्यांची दयाही येत होती.

“त्यांना कशाला बोललीस?” भाऊजी म्हणाले. “मीच थांबवलं नाही त्यांना. मला का तुझ्या ताऱ्याचं लोणचं घालायचं होतं? रोज तारा बुडतो म्हणून मला टीममधून काढलं असतं तर ती माणसं इथे यायची बंद झाली असती. तू कामावर. मी दिवसभर छताकडे बघत पडलेला.”

ताई मटकन खाली बसली. त्यांचा तो निर्जीव हात तिने मांडीवर घेतला.

“अहो, माणसंच हवी होती तर सांगायचं होतंत ना,” ती रडत म्हणाली. “चहाला बोलावली असती मी.”