विळ्याकडे झुकलेलं वलय

केळफूल सोलताना बोटांना चीक लागला, की मला शिरपूरच्या कॉलेजातली ती अंधारी खोली आठवते. काळे पडदे ओढलेले, आणि काचेच्या गोळ्यात इलेक्ट्रॉनांचं निळसर वलय, विहिरीत उतरलेल्या चांदण्यासारखं निवांत. त्याचा व्यास मोजून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढायचं होतं. माझी जोडीदारीण सकाळी केळीची पानं कापून, चिकानं काळ्या पडलेल्या बोटांनी थेट प्रात्यक्षिक परीक्षेला आलेली. यंदा नापास झाली तर कॉलेज बंद, असं तिच्या घरी ठरलेलं. मी मोजताना वलय स्थिर असायचं, ती वाकली की कलायचं. "हाई मन्हावर रुसेल शे," ती रडवेली होऊन म्हणाली. सरांनी तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवली. आत विळा होता. त्यांनी तो गोळ्याजवळ नेला, तसं वलय अलगद झुकलं. "रुसलं नाही गं. लोखंड जवळ आलं की त्याची वाट वाकते." विळा दाराबाहेर ठेवून तिनं पुन्हा मोजलं, आणि आमची मापं जुळली. पुढच्या वर्षीही ती माझ्याच टेबलावर होती. अजूनही मी चीक धुवायची घाई करत नाही. बोटं काळी पडेपर्यंत ते निळं वलय तिच्याकडे झुकलेलं दिसत राहतं.