तायमीचं बघणं

तायमी रऊतिओला ही केमी गावातल्या मुलींच्या घरात काम करते. ज्यांना स्वतःच्या घरी राहणं धोक्याचं असतं अशा मुली तिथे असतात. मीही तिथे काही काळ कामाला होते, आणि आमच्या ड्युट्या बहुतेक एकत्र पडायच्या. कोणाशीही न बोलणाऱ्या मुली तायमीशी बोलायच्या, कारण ती काही विचारायची नाही. ती बटाटे सोलत बसायची. थोड्या वेळाने समोरची मुलगीही सुरी उचलायची आणि सोलता सोलता बोलायला लागायची. तायमी मान वर करायची नाही.

ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम आम्हा सगळ्यांनाच होता. तायमीने तो जरा जास्तच मनावर घेतला. ऐकून तिला स्वतःला काय होतं, तेही ती कोणाला सांगायची नाही. आमचं मन मोकळं व्हावं म्हणून आख्ती नावाचा एक मार्गदर्शक दर महिन्याला यायचा. कोणी चिडायचं, कोणी रडायचं. तायमी म्हणायची, "डिशवॉशर गळतोय."

"आणि तू?" आख्ती विचारायचा.

"मी नाही गळत."

सगळे हसायचे. तीही हसायची.

त्या हिवाळ्यात पिहला नावाची मुलगी आली. दंडावर निळे डाग. 'खेळताना लागलं' असं ती शाळेत सांगत आली होती, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. खरं काय ते तिने तायमीला बटाटे सोलताना सांगितलं. मला ते कधी कळलं नाही. तायमीत मात्र फरक दिसायला लागला. दुकानाच्या रांगेत एखाद्या मुलाची बाही वर सरकली की तिचे पैसे काढणारे हात थांबायचे. बसमधून कोणी बाप मुलीचं मनगट धरून उतरला की ती पुढच्या स्टॉपला उतरायची आणि मागे चालत यायची. रात्री झोप नसायची. हे सगळं तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

ती एकटी राहते. तिच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सॉना आहे, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली; प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरलेला. तिचा शुक्रवारी संध्याकाळी. त्या तासाला धाकटी बहीण हेल्लेवी आणि तिची मुलगी ईना यायच्या, ईना कडेवर होती तेव्हापासून. बाकी आठवड्यात तायमीच्या दाराची घंटा सहसा वाजत नसे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी ईना वरच्या बाकावर पाय दुमडून बसली, आणि तायमीला तिच्या मांडीवर आणि दंडावर डाग दिसले.

"हे कशाने?"

"मी गोलकीपर आहे, मावशी. बॉल अंगावर घेते."

"तुझ्या मावशीला वाटतं गोल आपोआप अडतात," हेल्लेवी हसत म्हणाली.

ईना फ्लोअरबॉल, म्हणजे हॉलमधली हॉकी, खेळते हे तायमीला माहीत होतं. तोंडावरची जाळी तिनेच वाढदिवसाला दिली होती. पण 'खेळताना लागलं' हे शब्द तिने पिहलाच्या तोंडून ऐकले होते. शंका आली की लगेच कळवायचं, स्वतः चौकशी करत बसायचं नाही, हे ती नव्या लोकांना शिकवायची. दुसऱ्या दिवशी तिने बालसंरक्षणाच्या कचेरीत फोन केला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

हेल्लेवीच्या घरी दोघी अधिकारी गेल्या. ईनाला एका खोलीत विचारलं, तिच्या वडिलांना दुसऱ्या खोलीत. कोचशी बोलल्या. काही निघालं नाही, प्रकरण मिटलं. मग हेल्लेवीचा फोन आला.

"एका बाकावर बसलो होतो आपण. मला विचारायचं होतंस."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"नव्हतंच काही, म्हणून."

"सगळे तेच म्हणतात, हेल्लेवी."

फोन बंद झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी तायमी एकटीच खाली गेली. पुढेही एकटीच जात राहिली. जिन्यात एका शेजाऱ्याने विचारलं, "एकटीसाठी एवढा मोठा सॉना तापवतेस?" ती "हो" म्हणाली आणि वर गेली.

एप्रिलमध्ये आख्ती आला तेव्हा ती डिशवॉशरबद्दल बोलली नाही. म्हणाली, "मी माझ्या भाचीच्या अंगावर दुसऱ्याच मुलीचे डाग बघितले." मग म्हणाली, "पण हे बोलायचं नसतं."

"मुलींची नावं सांगायची नसतात," आख्ती म्हणाला. "तुला झोप लागत नाही, हे कुठल्या कायद्याने गुपित झालं?"

तिने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिली. आम्ही कोणी उठलो नाही.

त्यानंतर नव्या मुली तिच्याकडे देणं थांबलं. ती आख्तीला एकटी भेटायला लागली. स्वयंपाकघर मात्र तिच्याकडेच राहिलं. "कोणी बोलायला लागली की मी सुरी ठेवते आणि ड्युटीवरच्या दुसरीला हाक मारते," एकदा मला म्हणाली. "ती मुलगी माझ्याकडे बघते. मी ओटा पुसते." झोप थोडी येते म्हणाली. बसमधून मात्र अजून मध्येच उतरते.

मे संपताना एका शुक्रवारी हेल्लेवी आली, एकटीच. आत येऊन खालच्या बाकावर बसली, छातीपासून टॉवेल गुंडाळून. घरच्या बायकांत आमच्याकडे सॉनात असं अंग झाकून कोणी बसत नाही. परक्यांत बसतात.

"ईना?"

"नाही येणार. म्हणते, मावशी बघत बसेल."

नाही बघणार, एवढं म्हणून टाकणं सोपं होतं. तायमी म्हणाली, "बघेन. अजून सगळ्यांकडेच बघते. थांबवता येत नाही मला."

हेल्लेवीने टॉवेलची गाठ पुन्हा घट्ट केली.

"त्या घरात जे ऐकते, ते इथपर्यंत येतं. मी तुला सांगायला हवं होतं."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले."

"आणि मी इथे बसून गोलकीपरचे विनोद करत होते," हेल्लेवी म्हणाली. मग दगडांकडे बघत, "पाणी टाक. गार पडलंय."

टॉवेल तिने सोडला नाही. तायमीने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ खोलीभर पसरल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली, हेल्लेवीला हवं तसं बसता यावं म्हणून.