डावी कूस

आमच्या रोडोपी डोंगरातल्या शाळेत मी, मेतोदी मास्तर, वीस वर्षं पोटं शिकवत आलोय. करकोचा बेडूक अख्खा गिळतो, अस्वल हिवाळाभर अंगच्या चरबीवर काढतं, गाय गिळलेलं परत तोंडात आणून चघळते, सगळं मला तोंडपाठ. माझं स्वतःचं पोट मात्र वाटीभर घेवडाही पचवत नाही. ते चालायचं शेजारच्या त्रेंदाफिला मावशीच्या दह्यावर, आणि दही तिच्या एकुलत्या एका गाईच्या, शारकीच्या जिवावर.

मावशी शाळेची पायरी चढली नव्हती. पण गाईच्या कुशीला कान लावून सांगायची, "हिनं काल ओला पाला खाल्लाय." आणि तसंच निघायचं. कुशीतल्या त्या भल्यामोठ्या पिशवीला कोटीपोट म्हणतात, असं मी शिकवायला गेलो, तर म्हणाली, "नाव ठेवल्यानं ते जास्त पचवतं का रे?"

एकदा मे महिन्यात ती दात काढायला शहरात गेली. जाताना बजावलं, "मास्तर, दव वाळल्याशिवाय तिला लसूणघासात सोडू नकोस हां." जास्त चरली तर दही दाट होईल, या हावेपोटी मी तिला उजाडताच सोडली.

मावशी बसमधून उतरून आली तेव्हा शारकी ढोलासारखी फुगून धापा टाकत होती आणि मी सुरी घेऊन उभा होतो. डाव्या कुशीत टोचलं की वारा निघतो, हे मला पाठ होतं. पण वर्गात "डावा हात वर" म्हणताना समोरच्या मुलांना कळावं म्हणून मी माझा उजवा वर करतो. वीस वर्षांत माझ्या हातांनीही तेच घोकलं होतं.

"मेल्या, ती उजवी!" गालाला फडकं बांधलेल्या मावशीनं माझी सुरी हिसकावली. "आतडी काढतोस का तिची?"

तिनं गाईला पुढचे पाय चढावर ठेवून उभी केली, घशात सूर्यफुलाचं तेल ओतलं, तोंडात आडवी काठी घालून शिंगांना बांधली आणि डावी कूस मळत राहिली. शारकी काठी चघळत होती. मी देवाचा धावा करत होतो, जीवशास्त्रातलं काही आठवेना. शेवटी गाईनं असा ढेकर दिला की कोंबड्या पळाल्या. मावशी तिच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, लाजेनं.

मग तिनं माझ्या डाव्या मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधला. मार्चमध्ये बांधलेला धागा आम्ही करकोचा दिसला की सोडतो. "हा सोडायचा नाही. करकोचे येवोत नाहीतर जावोत." मुलं अजून विचारतात, "मास्तर, करकोच्यांना पिल्लं झाली, तुमचा धागा कधी सुटणार?"

दोन हिवाळ्यांनी मावशीनं अंथरूण धरलं. मला बोलावून म्हणाली, "शारकीला तुझ्याकडे ने."

"माझ्याकडे? अगं, मीच तिला मारत होतो!"

"म्हणून तर. बाकीच्यांना अजून वाटतं, आपल्याला सगळं येतं."

तिनं माझा हात चाचपला. धाग्याची गाठ सैल झाली होती, ती तिनं पुन्हा आवळली.